डोंगेवालीचं भाडं

मासे धरायला निघालेल्या डोंग्यात मी घरून मासे घेऊन बसले होते. तेही शिजवलेले, पितळी डब्यात, वर बारीक कांदा भुरभुरून. वैनगंगेच्या काठावर याहून मोठा मूर्खपणा कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि आमच्याकडे मूर्खपणा लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी आपण घागर घेऊन पाणवठ्यावर जावं तर तो आधीच तिथे पोचलेला असतो.

पण माझीही बाजू ऐकून घ्या. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, आणि आमचं बिऱ्हाड त्याहूनही अलीकडे, नदीजवळच्या लाकूड डेपोत. नवरा डेपोत कारकून. सागाच्या ओंडक्यांच्या ढिगांमध्ये दडलेलं दोन खोल्यांचं कौलारू घर, घरात सासूबाई, माझ्याच वयाची नणंद आणि मी. दिवाळी झाली, नदीचं गढूळ पाणी निवळलं, तसं सासूबाईंनी जाहीर केलं की येत्या रविवारी सगळ्यांनी डोंग्यातून मासे धरायला जायचं. मला म्हणाल्या, "शिदोरीत नुसता भात घेजो अन् मीठ-मिरची. कालवण नदी देइन."

नदी देईल! आणि नाही दिलं तर? माझे वडील बल्लारशाला रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. मालधक्क्यावर वाढलेली मुलगी येणाऱ्या मालाच्या भरवशावर चूल पेटवत नाही. माहेराहून येताना वडिलांनी सुक्या बोंबलांची एक जुडी बांधून दिली होती. पहाटे उठून मी गुपचूप त्यांचं तिखट केलं, भाताच्या खाली लपवलं आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन डब्याचं झाकण लावलं.

शिजलेला मासा डोंग्यात न्यायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात तिरडीचा बांबू आणू नये, हे तरी कोण कुणाला सांगतं?

पण मला सांगायचंय ते तिच्याबद्दल. सगळे तिला डोंगेवाली म्हणत. तिला नाव असणारच, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण तिच्यासमोर विचारण्याचं काम तीच करायची.

बुटकी, काळी, कासोटा घातलेलं लुगडं, पोटऱ्यांवर गोंदण. नवरा वारला तेव्हा त्याचा डोंगा दिराकडे जायचा, तशी रीतच होती. पण म्हणतात की ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू घेऊन डोंग्यात उभी राहिली आणि म्हणाली, "ज्याले पायजे त्यानं पोहत येऊन घ्यावा." कुणी पोहत गेलं नाही. पुढे तिनं आणखी एक डोंगा जोडला. खोड कोरून केलेले ते दोन डोंगे आडव्या बांबूंनी एकमेकांना बांधले, वर बसायला विणलेला तट्टा टाकला, आणि डेपोचे बाबू, मास्तर, पोस्टातले लोक असे सगळे बायकामुलांसह तिच्या डोंग्यातून मासे धरायला जाऊ लागले. कुठे गळ टाकायचा, कुणी कुठे बसायचं, कधी बोलायचं, कधी श्वास घ्यायचा, सगळं ती सांगणार. बसवताना वजन बघायची आणि मोठ्यानं बोलायची. आमच्या सासूबाईंना तिनं पहिल्याच खेपेला मधोमध बसवलं आणि म्हणाली, "तुमी हालू नका वो बाई. तुमी हाल्ल्या तं नदीच काठावर चढते."

सासूबाईंना असं बोलून जिवंत राहिलेली माझ्या माहितीतली ती एकटीच.

माशांशी तिचं नातं सोयऱ्यांसारखं. मोठ्या मिशीचा टेंगरा म्हणजे ठाणेदार. "ठाणेदार आला, हात नको लावू, काटा मारते." मरळ म्हणजे पाटलीण, कारण ती पिलांना घेऊन फिरते आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. पिलं बरोबर असली की पाटलिणीच्या वाटेला जायचं नाही, असा तिचा दंडक. एकदा एका ओव्हरसियरनं ऐकलं नाही, गळ टाकलाच, तर हिनं डोंगा वळवला, त्याला काठावर उतरवलं आणि त्याच्या बायकोपोरांना घेऊन परत डोहात गेली. ओव्हरसियर दिवसभर वाळूत छत्री घेऊन बसून होता. त्याची बायको म्हणे आयुष्यात इतकी आनंदात कधी दिसली नव्हती.

आणि तिचं भाडं! पायलीभर तांदूळ आणि एक बातमी.

बातमी म्हणजे तिला माहीत नसलेली एक गोष्ट. डोंगा काठावरून सुटायच्या आधी ती सांगावी लागायची. तिला आधीच माहीत असली तर "हे जुनं हाये" म्हणून बांबूवर हनुवटी टेकून उभी राहायची, आणि काठावर नटूनथटून उभी असलेली माणसं घाईघाईनं एकमेकांत कुजबुजायची, आठव रे काहीतरी. कुणी सांगितलं की शाईत हिरडा असतो, ते चाललं. कुणी सांगितलं की कलेक्टरसाहेबाच्या कुत्र्याला वेगळी खोली आहे, तेही चाललं, पण त्यावर तिनं विचारलं, "आतून कडी कोन लावते?" शाळेच्या मास्तरनं तिला पृथ्वी फिरते हे सांगितलं होतं. ती मुकाट्यानं त्याला डोहापर्यंत घेऊन गेली, आणि मध्यावर डोंगा उभा करून म्हणाली, "आता इथी उभा हाये आपुन. फिरते तं पाणी काऊन नाई सांडत?" मास्तर मासे विसरून दुपारपर्यंत लोटा आणि दोरी घेऊन तिला समजावत होता.

माझ्या नवऱ्याला पाहिलं की तिचा एकच प्रश्न. "बाबू, झाड तोडलं का थे तुमच्या खात्यात जमा होते. मंग त्याच्यावरचे पक्षी कोनत्या खात्यात जातेत?" तो हसण्यावारी न्यायचा. पण मी त्याला एकदा पहाटे अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला पाहिलाय, आणि काय झालं विचारल्यावर तो म्हणाला, "काही नाही गं, ते पक्षी."

त्या रविवारी आमच्या भाड्याची बातमी नवऱ्याकडे होती. आपला भाग आता मुंबई राज्यात गेला, ही. नुकतंच झालं होतं ते. आधी आम्ही नागपूरकडे बघायचो, आता मुंबईकडे बघायचं होतं. त्याला वाटलं होतं की बातमी ताजी आहे.

"जुनं हाये," ती म्हणाली. "कालच पोस्टवाल्यानं देल्लं. थे म्हंते का आता आपल्या राज्याले समुद्र हाये. आधी नव्हता. खरं काय?"

"खरं आहे," नवरा म्हणाला.

"म्हंजे तो माहाई झाला?"

"म्हणायला तसंच."

"मंग पाहाले पायजे," असं म्हणत तिनं बांबू उचलला. त्या "पाहाले पायजे"कडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

डोहात आलो. पाणी इतकं संथ की काठच्या करंजांची पानं त्यात जशीच्या तशी दिसत होती. नवऱ्यानं गळ टाकला आणि पाण्यात बुडालेल्या फांदीला पकडलं. नणंदेनं टाकला, सासूबाईंनी टाकला. सगळे गप्प. अशा वेळी ऊन चढतं, डबा तापतो आणि बोंबील आपली हजेरी लावतात.

डोंगेवालीनं नाक वर केलं. इकडे केलं, तिकडे केलं. मग बांबू पाण्यात रोवून डोंगा थांबवला.

"डब्यात कोन हाये?"

मी म्हटलं, "भात."

"भाताच्या खाली कोन हाये?"

नणंद फस्सकन हसली. सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, भात बाजूला सारला, आणि त्यांच्या तोंडाचा जो आ झाला तो मी अजून विसरले नाही. "अव सूनबाई! पाण्याच्या छातीवर शिजला मासा घेऊन बसली तू? आता सांजपर्यंत गळाची काडी तरी हालन काय? नवरदेवाच्या घरी जाताना घरून नवरदेव घेऊन जाचा, असं हाये हे!"

नवरा पाण्यात बघू लागला. बुडालेल्या फांदीत त्याला एकाएकी फार रस वाटू लागला होता.

मला वाटलं, आता ही मला ओव्हरसियरच्या शेजारी वाळूत बसवणार. पण डोंगेवालीनं नुसता हात पुढे केला. मी एक तुकडा ठेवला. तिनं तो तोंडात टाकला आणि चावत राहिली. आधी डाव्या बाजूनं, मग उजव्या. डोळे मिटले. उघडले.

"हा आपला नाई."

तिनं काटा जिभेवर घोळवून पाहिला.

"याचा काटा नरम हाये. धारेत राहिलेला नाई हा. अन् मीठ वरून लावलेलं नाई, आतून हाये. कुठचा?"

"समुद्राचा," मी म्हटलं.

आणि ती बसली. डोंग्यात, तट्ट्यावर, मांडी घालून. डोंग्यात तिला बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बांबू हातातून सुटून पाण्यावर पडला. नवऱ्यानं तो धरला.

"तू पाह्यला समुद्र?"

आता बघा. क्षणापूर्वी मी चांद्यापासून सिरोंच्यापर्यंतची सगळ्यात मूर्ख सून होते. नणंद तोंडात पदर कोंबून हसत होती. आणि आता चौघांचे डोळे माझ्यावर, पण निराळे. बाप रेल्वेत आहे म्हणजे पास मिळतो, पास मिळतो म्हणजे हिनं पाहिलेला असेलच, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. मी पाठ सरळ केली.

"हो," मी म्हटलं. "लहान असताना. वडिलांच्या पासावर."

मी बल्लारशाहून नागपूरच्या पुढे कधी गेले नव्हते. समुद्र मी एका कॅलेंडरवर पाहिला होता आणि त्याचा अर्धा भाग देवीनं झाकलेला होता.

"केवढा हाये?"

"हा डोह आहे ना, असे शंभर."

"खोल?"

इथे मला जरा अडखळायला झालं. देवीचे पाय पाण्यावर होते. "खोल नाही फार. गुडघाभर."

"अन् मीठ कोन टाकते?"

"कुणी टाकत नाही. असतंच. तिकडच्या बायका मीठ विकत घेत नाहीत. समुद्राच्या पाण्यातच भात शिजवतात."

सासूबाई म्हणाल्या, "अव माय!" आणि त्या "अव माय"नं माझा वारू असा उधळला की विचारू नका. मी सांगितलं, बोंबील पाण्यातूनच खारवून निघतात, फक्त वाळत घालायचे. सांगितलं की नदीचं गोड पाणी जिथे संपतं तिथे लुगड्याच्या काठासारखी रेघ असते, अलीकडे उभं राहून पाणी प्यावं, पलीकडे हात घालून मीठ चाखावं. पलीकडच्या बाजूला भिंत असते का, असं डोंगेवालीनं विचारलं. मी म्हटलं, असते ना, पण दूर आहे, पुसट दिसते.

पुढे कितीतरी वर्षांनी मुलानं मला खरा समुद्र दाखवायला नेलं. सगळे लाटा बघत होते. मी पदरानं चष्मा पुसून पुसून समोर बघत होते. सून म्हणाली, आई काय शोधताय? काय सांगणार? भिंत शोधत होते.

त्या दिवशी माझं समुद्रपुराण चालू असताना नणंदेची काडी, सुतळी, गळ सगळं एक पाटलीण घेऊन गेली, आणि कुणाला पत्ता लागला नाही. कालवण नदीनं दिलंच नाही. पाच जणांनी भाताबरोबर बोंबलाचं तिखट खाल्लं, सासूबाईंनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून डोंगेवाली आमच्या घरी येऊ लागली. ओसरीवर बसायची, सुपारी कातरायची आणि विचारायची. तिथी नदीले थांबवते कोन? तिथले मासे आपल्याकडे काऊन नाई येत, बोलावलं नाई म्हणून काय? रात्री त्याचा आवाज येते काय? आणि एकदा, अडकित्ता बाजूला ठेवून, "तो माणसाले ओळखते काय?" या प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलं नाही. चूल पाहायला आत गेले. बाकी सगळं मी न अडखळता सांगत होते. खोटं बोलण्याचं एक सुख असतं, ते भाजीसारखं आदल्या दिवशी निवडून ठेवावं लागत नाही.

मग एका सकाळी तिचा पुतण्या आला. चाळिशीचा दांडगा गडी, मिशा पिळलेल्या, आणि रागानं थरथरत होता. नवरा डेपोत निघायच्या बेतात होता.

"बाबू, तुमच्या घरच्या बाईनं आमच्या बुढीले काय सांगतलं?"

"काय झालं भाऊ?"

"बुढी समुद्राले जाऊन राह्यली! दोन्ही डोंगे सोडवले तिनं. एक मले देल्ला, एक घेऊन सिरोंच्याले जातो म्हंते, तिथून ताफ्यावाल्यायच्या संगं खाली. म्हंते पाणी गुडघाभर हाये, भेव कायचं? पराणहितेत खडक कसे हायेत माहीत हाये तुमाले? आमच्यातले जवान पोट्टे जात नाईत. बुढी मेली तं पाप कोनाले?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या डेपोतून आणि खालच्या जंगलातून बांबू-सागाचे ताफे बांधून नदीनं खाली सोडत, तेलुगू मुलखात, गोदावरीतून पार समुद्राच्या तोंडापर्यंत. ताफ्यावरून माणसं वाहून गेल्याच्या गोष्टी त्याच्याच तोंडून मी ऐकल्या होत्या.

पुतण्या गेल्यावर त्यानं विचारलं, "तुला मुंबईला कधी नेलं होतं गं?"

"लहानपणी."

"किती लहानपणी?"

"आठवत नाही इतक्या."

त्यानं टोपी घातली आणि तो गेला. मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर रडून मोकळी झाले असते.

मी घाटावर धावले. ती एकट्या डोंग्यात बसून गाठोडं बांधत होती. तांदूळ, सुपारी, एक घोंगडी. काठावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायका, पोरं, पुतण्या, निम्मा गाव. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मावशी, जाऊ नका. तिकडे पाणी फार खोल आहे."

तिनं वर पाहिलं. "काल तं गुडघाभर होतं."

"ते काठाला. आत खोल आहे. माणूस बुडतो."

"रातच्यातून वाढलं काय?"

काठावर हशा पिकला. मी लाल झाले. खरं एवढंच सांगायचं होतं की मावशी, मी पाहिलाच नाही. एवढं एक वाक्य. पण काठावर नणंद होती, शेजारणी होत्या, मास्तर होता, आणि मी मालधक्क्याच्या बाबूची शुद्ध बोलणारी मुलगी होते. ते वाक्य काठावरच राहिलं. डोंगा सुटला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या वळणावर कुणीतरी धारेत जाळं लावत होतं, त्याला ती मोठ्यानं काहीतरी विचारत असल्याचं ऐकू आलं, एवढंच.

त्यानंतरचे महिने मी काय सांगू! भाकरी थापताना वाटायचं, आता ती खडकावर आपटली असेल. भांडी घासताना वाटायचं, ती समुद्रात गुडघाभर पाणी समजून उतरली असेल. जेवताना मीठ वाढून घ्यायची लाज वाटायची. सासूबाई म्हणायच्या, "खाय वो, तू उपाशी राह्यली तं समुद्र का आटते?" त्यांना माझी लबाडी कळली होती की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण एकदा धान्य निवडताना त्या सहज म्हणाल्या, "माया बापानं मले सांगतलं होतं का समुद्राले शेवट नाई. तुयी भिंत कोनत्या गवंड्यानं बांधली व?" आणि पुन्हा सुपात पाहू लागल्या.

घाटावर आता पुतण्याचा डोंगा चालायचा. तांदूळ घ्यायचा, मासे मिळायचे तिथे अचूक न्यायचा, परत आणायचा. काही विचारायचा नाही. लोक परत यायचे ते मासे घेऊन, पण तोंडं अशी की कुणाच्या तेराव्याला जेवून आलेत. पोस्टवाला एकदा काठावर उभा राहून त्याला म्हणाला, "भाऊ, मुंबईत दोन मजल्यांची मोटार आहे." पुतण्या म्हणाला, "बसा लवकर, उन्ह चढून राह्यलं."

तिच्या बातम्या ताफ्यावाल्यांकडून तुटक तुटक यायच्या. डेपोत येणारा एक तेलुगू मुकादम होता, त्याला नवरा रोज विचारायचा. मी सांगितलं नव्हतं तरी विचारायचा. सिरोंच्याला एक म्हातारी दिसली होती, देवळातल्या पुजाऱ्याला तिनं इतकं विचारलं की तो मागच्या दारानं गेला. मग कळलं, तिचा डोंगा खडकात फुटला. माझ्या हातून तांब्या पडला. पण बुढी वाचली, ताफ्यावर चढली, गड्यांना रांधून घालते, असं त्याच्याच पुढच्या वाक्यात होतं. मुकादमाची सांगायची पद्धतच तशी होती. त्यानंतर काही नाही. पौष गेला, माघ गेला. मोह फुलला. मुकादम म्हणायचा, "ताफे पोचले बाई. माणसं परत आली. म्हातारी त्यांच्यात नाही."

मी देवाला नवस बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं. देवी त्या कॅलेंडरवरून माझ्याकडे बघत होती, पायांखाली पाणी घेऊन.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी डेपोत चांद्याहून लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हरच्या शेजारून एक बुटकी काळी बाई उतरली. लुगडं तेच, पायात कुणाच्या तरी पुरुषी वहाणा. कुठून कशी आगगाडीत बसली, तिकिटाचं काय केलं, बल्लारशाला कोणी उतरवलं, काही सांगितलं नाही. सरळ घाटावर गेली, पुतण्याच्या डोंग्याकडे पाहून म्हणाली, "गाठ सैल हाये," आणि घरी जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव तिच्या दारात. सांग ना वो, कसा हाये समुद्र? किती मोठा? खोल किती? भिंत हाये काय? मास्तर आला, पोस्टवाला आला. जन्मभर गावाला विचारत आलेली बाई, आणि आता गाव तिला विचारत होता. ती सुपारी कातरत बसली होती. एकेकाच्या तोंडाकडे बघायची, तोंड उघडायची आणि मिटायची. पोस्टवाला म्हणाला, "मावशी, पायलीभर तांदूळ देतो." ती नुसती हसली. लोक रागावून परत गेले. कुणी म्हणालं, गेलीच नसेल, सिरोंच्याला बसून आली असेल.

संध्याकाळी ती आमच्या ओसरीवर आली. घरात मी एकटीच होते. सासूबाई आणि नणंद नदीवर गेल्या होत्या. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तो तिनं हळूहळू, तोंडात घोळवून घोळवून प्यायला, जणू बऱ्याच दिवसांनी घरचं माणूस भेटावं. तिच्या हातांची कातडी सोलवटली होती. एका नखाच्या जागी नख नव्हतं.

ते बोट पाहिलं आणि माझं सगळं सुटलं. तिच्यासमोर जमिनीवर बसले. "मावशी, मी समुद्र पाहिलाच नव्हता हो. कधीच नाही. सगळं खोटं सांगितलं. गुडघाभर पाणी, ती रेघ, ती भिंत, सगळं. तुम्ही मेला असता तर माझ्यामुळे मेला असता."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"मले डोंग्यातच समजलं होतं व पोरी," ती म्हणाली. "पाह्यलेल्या माणसाले एवढं सांगता येत नाई."

मी म्हटलं, "मग गेलात कशाला? डोंगा फुटला, हात सोलले, जीव जायचा होता. खोटं आहे हे माहीत असून कशाला गेलात?"

ती म्हणाली, "तू एवढं मोठं खोटं बोलून राह्यली होती, मनलं, खरं केवढं असन!"